समोरचं तळं

"इथून ती घसरली," एलोदी पायवाटेवर थांबून म्हणाली. जूनमध्ये ऋजुताचा मृतदेह खालच्या घळीतून वर काढणाऱ्या बचाव पथकात एलोदी होती. तेव्हा या उतारावर टणक बर्फ होतं. आता नुसतं गवत होतं आणि त्यावर मेंढ्या चरत होत्या.

अच्युतरावांनी खाली वाकून पाहिलं नाही. सांगलीहून पिरेनीजच्या या डोंगरात ते एकच प्रश्न घेऊन आले होते. बर्फ पाहून सोबतच्या मैत्रिणी मागच्या वळणावरूनच परतल्या, मग आपलीच पोर पुढे का आली? हाच प्रश्न करून करून घरी नलिनीताईंची अन्नावरची वासना उडाली होती.

"निघाली कुठे होती ती?" त्यांनी विचारलं.

एलोदीनं समोर बोट दाखवलं. मागच्या वळणावरून जे दिसलं नव्हतं ते निळं तळं कड्यांच्या कुशीत पसरलं होतं, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. पलीकडून एक धबधबा थेट त्या पाण्यात उतरत होता. अच्युतरावांच्या डोळ्यांचं पारणं फिटलं, आणि त्याचीच त्यांना शरम वाटली.

गावात उतरल्यावर त्यांनी घरी फोन लावला.

"कळलं का काही?" नलिनीताईंनी विचारलं.

"तळं दिसत होतं गं तिला, अगदी समोर. मीसुद्धा मागे फिरलो नसतो."

नलिनीताई म्हणाल्या, "तुम्ही तरी फिरा आता. या घरी."