कुमुदचा मोर

"बाबा, मोराची किंमत भरपूर लावा. कमी दिसली की दुसराच उचलेल," लेक रेवती म्हणाली.

"आणि त्यातले तीस टक्के गेमवाल्यांना देऊ?"

कुमुद गेली, तसं तिचं शेतीच्या गेममधलं खातं बंद होणार होतं. तिने वाढवलेला निळा मोर मला माझ्या खात्यात हवा होता. पण तिथे बायकोची वस्तू नवऱ्यालाही फुकट मिळत नाही. तिच्या फोनवरून विकायची, माझ्या फोनवरून विकत घ्यायची आणि मधे कंपनीला कमिशन द्यायचं. स्मशानातल्या लाकूडवाल्यानेसुद्धा इतकं कापलं नव्हतं.

कंपनीची जिरवायची म्हणून मी मोर एक रुपयाला लावला. माझा फोन बघायला चष्मा शोधेपर्यंत कुणीतरी तो नेला आणि लगेच तीनशेला मांडला.

"शिका काहीतरी! त्याने कमिशन धरून भाव लावलाय," रेवती म्हणाली. "आई असती ना, तर..."

"माहीत आहे. बोलली असती."

मी तीनशे भरले. कंपनीला दोनदा कमिशन मिळालं. मोर माझ्या अंगणात येऊन पिसारा फुलवून नाचू लागला. मी फोन कुमुदच्या फोटोसमोर धरला आणि बोलणी खायला उभा राहिलो.