कुंपणाबाहेरची बाळं

बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या बाळाला आमच्या आयर्लंडातल्या मेयो परगण्यात दफनभूमीत जागा नसे. बापानं खोकं काखेत घ्यायचं आणि कुंपणाबाहेर पुरून यायचं. गावातच हयात काढलेल्या इतिहासकार फादर मॅलकींनी या बाळांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. प्रकाशनाला अख्खा गाव लोटला.

म्हाताऱ्या सोरखानं पुस्तकावर सही घेतली आणि म्हणाली, "माझी लेकही तिथंच आहे, फादर. बासष्ट साली पाद्रीबाबांनी आम्हाला फाटकातूनच हाकललं."

फादरांचे डोळे भरून आले. "कोण होता गं तो दगडाच्या काळजाचा? नाव सांग, पुढच्या आवृत्तीत छापतो!"

सोरखानं सहीचं पान त्यांच्यापुढं धरलं.



"आत्ताच तर लिहिलंत, फादर. शाईसुद्धा वाळली नाही अजून."