बरणीवरचं नाव

स्ट्रॉबेरीचे दिवस आले की मी आठवडाभर गॅसपाशी उभी राहून जॅम घोटते. विमा कंपनीत नोकरी करणारी माझी सून प्रत्येक बरणीवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी डकवते आणि ऑफिसात वाटून येते. "नोकरी सांभाळून एवढं कसं जमतं गं तुला?" असं कुणी विचारलं की नुसती हसते म्हणे. मी एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाली, "आई, तुम्हाला तिथे ओळखतंय कोण? नाव हवंय कशाला?" तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतंच.

काल तिने घरात पाऊल टाकल्याटाकल्या पर्स सोफ्यावर आपटली. बढती दुसरीलाच मिळाली होती. साहेब तिला म्हणाले होते, "तुमचा जीव स्वयंपाकघरात रमतो. तुम्हाला वरच्या जागेचा व्याप कशाला?"

"मग सांगायचंस ना, जॅम सासू करते म्हणून," मी पातेलं घासताघासता म्हटलं.

"सांगितलं," ती दातओठ खात म्हणाली.



"तर म्हणाले, बढतीसाठी स्वतःचा जॅम सासूच्या नावावर खपवू नका."