बोटाला सोसेल इतकं
पाव याही वेळी फुगला नाही. सुरी आत जाईना.

सुनेने यीस्टचं नवं पाकीट आणलं होतं, मैदाही बदलला होता. तरी तेच. एरवी नाताळात अख्खी गल्ली सासूबाईंच्या पावाची वाट बघायची.

"आई, पाणी फार गरम होतं का?"

"मला शिकवू नकोस. बोटाला सोसलं की यीस्टलाही सोसतं."

सकाळी साखर तपासायला त्याच बोटात सुई टोचली, तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. सुनेला कौतुक वाटलं होतं.

सासूबाईंनी गॅसवरून पातेलं उतरवलं, बोट बुडवलं. "बघ, कोमट आहे."

सुनेने बोट घातलं आणि किंचाळून मागे घेतलं.

"अगं, काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचं बोट अजून पाण्यातच होतं.