कोरा लेखनिक

पेपरला पाच मिनिटं असताना पर्यवेक्षक बनसोडे सरांनी शाल्मलीच्या लेखनिक-यंत्राचं डोकं रिकामं केलं. माणसं लेखनिक असायची तेव्हापासूनचा नियमच होता तो: लिहिणारा परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा. पुसायचं होतं फक्त भूगर्भशास्त्र. घाईत सरांनी सगळंच पुसलं. शाल्मलीचं जड जिभेचं बोलणं ते यंत्र तीन वर्षांत शिकलं होतं, तेही गेलं.

"बेसाल्ट," शाल्मलीने बोलून पाहिलं.

'समजलं नाही,' पडद्यावर उमटलं.

सरांचा चेहरा उतरला. "चूक माझीच, बाळ. अर्ज लिहून देतो, पुढच्या सत्रात बस."

"आजच देणार!"

सरांनी सवयीने पडद्याकडे पाहिलं. तिच्याशी बोलताना सगळेच तिकडे बघत. 'समजलं नाही.'

शाल्मलीने वाद घातला नाही. थरथरतं बोट तिने प्रश्नपत्रिकेतल्या पहिल्या शब्दावर दाबलं, यंत्राच्या कॅमेऱ्याला तो दाखवला आणि मोठ्याने म्हटला. पुन्हा म्हटला. मग पुढचा. सर शेजारी खुर्ची ओढून ऐकत बसले. तीन तासांतला पाऊण तास या शिकवणीतच गेला. त्यानंतर मात्र तिने उत्तर सांगायला घेतलं आणि पडद्यावर ओळींमागून ओळी येऊ लागल्या.

चौथ्या उत्तरापर्यंत तिचा घसा पार सुकला. ती कसंबसं काहीतरी पुटपुटली.

'समजलं नाही.'

सरांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते उठले आणि पाण्याचा पेला त्यांनी तिच्यापुढे आणून ठेवला.