दोन दिवसांचा डबा

विमानतळाच्या दारातून आई बाहेर आली, तसे मुलगा नि सून पुढे धावले. आईने टॉवेलात गुंडाळलेला भलाथोरला डबा मुलाच्या हातात ठेवला. "दोन दिवसांचं जेवण बांधलं होतं रे. झाकण उघडायच्या आत तुझं गाव आलंसुद्धा!" सून हसली. "चार तासांच्या प्रवासाला दोन दिवस? कोणी सांगितलं तुम्हाला?" मुलाला एकदम आठवलं. बाबा गेले तेव्हा त्यानेच फोनवर सांगितलं होतं, "विमानाने यायला दोन दिवस लागतील, माझ्यासाठी थांबू नका." नोकरी नवी होती, साहेबाकडे रजा मागायची छाती झाली नव्हती. ती थाप तो विसरलाही होता. आईने मात्र तिच्याच भरवशावर रांधलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याची मान खाली होती. "अगं, कोणी कशाला सांगेल? मीच वेंधळी," ती म्हणाली. मुलाच्या हातातला डबा अजून कोमट होता.