टेस्ट कुठे आहे?

हातोडी टेबलावर ठेवून त्या माणसाने पेन ड्राइव्ह पुढे सरकवला आणि मॅडमनी आता कामाला लागावं, असं अगदी अदबीने सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात धाकटीचा नवरा खुर्चीला बांधलेला होता. कानामागून निघालेलं रक्त त्याच्या कॉलरमध्ये मुरत होतं. भर दुपारी बेल वाजली म्हणून दार उघडायला तोच गेला होता, आणि एकाच घावात आडवा झाला होता.

धाकटी हे या मॅडमचं घरातलं नाव. कामातही तेच चिकटलं, कारण काम दोघा भावंडांनी मिळून उभं केलेलं. रुग्णाच्या शिरेत औषध सोडणारा पंप किती वेगाने चालावा, हे ठरवणारी संगणकाची स्क्रिप्ट. फुकट आणि सगळ्यांना खुली. कुणीही वाचावी, कुणीही सुधारणा सुचवावी. कितीतरी दवाखान्यांतले पंप तिच्यावर चालत. नियम एकच होता आणि तो थोरल्याने घालून दिला होता: एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासायचं. स्वतःचं स्वतः मंजूर करायचं नाही, मग तो थोरला असो की धाकटी. मंजुरीचा अधिकार या दोघांनाच होता, आणि मंजुरी मिळाली की बदल आपोआप पंपांपर्यंत पोचायचा.

तिने फाइल उघडली. बदल जेमतेम चार-पाच ओळींचा होता. एका ठरावीक पंपातून, फक्त आज, औषध दहापट वेगाने जाणार होतं.

"कोण आहे त्या पंपावर?" तिने विचारलं.

"आहे एक जण. आज शुद्धीवर येईल म्हणतात," हातोडीवाला म्हणाला. "यायला नको."

तिने नाही म्हणून सांगितलं. ते इतक्या सरळ तोंडातून निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. हातोडीवाल्याला मात्र अजिबात वाटलं नाही. त्याने तिचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि हातोडी घातली. मग पुन्हा घातली. दोन बोटं भलत्याच दिशेला वळली. नवरा बांधलेल्या खुर्चीसकट पुढे झेपावला, तेव्हा एक फटका त्याच्या गुडघ्यावर बसला आणि तो ओरडायचाही थांबला.

मग त्या माणसाने फोन काढला, तिच्या हाताचा फोटो घेतला आणि कुणाला तरी पाठवला. "वर दाखवावं लागतं," तो म्हणाला, जणू त्यालाच या कटकटीचा कंटाळा आला होता.

हातोडी घेऊन तो पुन्हा नवऱ्याकडे वळला तशी धाकटी डाव्या हाताने माउसला लागली.

डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, तरी मेली सवय सुटत नव्हती. तिच्या मनात आलं, कोड नेटका आहे. नावं नीट दिलेली, एक ओळ फालतू नाही. लिहिणारा चांगल्या हाताखाली शिकलेला असावा. या विचाराची तिला शिसारी आली.

तिने बदल चढवला. आपोआप चालणाऱ्या टेस्ट सुरू झाल्या. त्यांच्यावर तिची मोठी भिस्त होती. डोस जरा इकडचा तिकडे झाला की त्या लाल व्हायच्या. एकेक ओळ पुढे सरकत गेली. हिरवी, हिरवी, हिरवी. लिहिणाऱ्याला कुठली टेस्ट कुठे बघते हे ठाऊक होतं आणि तो बरोबर मधल्या फटीतून आत शिरला होता. 

आता उरला होता थोरला.

थोरला म्हणजे खुसपट काढण्यात अव्वल. एका रिकाम्या जागेसाठी त्याने लोकांची आठवड्याची मेहनत परत पाठवली होती. प्रत्येक बदलासोबत तो तपासणारी नवी टेस्ट जोडलेली त्याला हवीच असायची. "टेस्ट कुठे आहे?" हा त्याचा प्रश्न इतका ठरलेला, की नवी पोरं त्याची नक्कल करून हसायची, आणि स्वतःवर पाळी आली की रडायची. धाकटीलाही त्याने सोडलं नव्हतं. आईवडिलांमागे त्यानेच तिला वाढवलं, शिकवलं, आणि तिची प्रत्येक ओळ डोळ्यांत तेल घालून तपासली. म्हणून तिने या बदलाला मुद्दामच टेस्ट जोडली नाही. धाकटी टेस्ट विसरत नसते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तो ओळी वाचेल, चपापेल, पोलिसांना फोन करेल. तेवढा वेळ काढायला हवा होता.

"माझा भाऊ लगेच बघेल असं नाही," ती म्हणाली. "कधी कधी दोन दिवस लावतो."

"बघतील ते," हातोडीवाला म्हणाला आणि खुर्ची ओढून निवांत बसला.

नवऱ्याचा श्वास घरघरत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, नजरेनेच धीर दिला, आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली. सुजलेला हात तिने पोटाशी धरला होता. एवढ्यात बदलाखाली थोरल्याचं नाव उमटलं, आणि नावाखाली त्याचा शेरा.

"टेस्ट कुठे आहे?"

मंजुरी नव्हती. धाकटीचा जीव भांड्यात पडला. दादाने ओळखलं होतं. तिला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि ते दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली. मान वर केली तेव्हा खाली आणखी एक ओळ आली होती.

"टेस्टशिवाय मी मंजूर करत नाही, धाकटे. उजव्या हाताला आता ताण देऊ नकोस, डाव्याने लिही."